मोरखी ठेवून घ्यायची

मॉन्ट्रियलच्या ज्या बाजारात मी शनिवारी प्रश्न विचारत उभी राहायचे, तिथे घोड्याच्या मांसाचा गाळा अगदी टोकाला होता. आधी भाज्या, मग चीज, मग मासे, मग गाय-डुकराचे खाटीक, आणि त्यांच्याही पलीकडे हा, वर घोड्याच्या डोक्याचं चित्र लावलेला. तिथवर लोक मोठमोठ्यानं बोलत, हसत यायचे. गाळ्यासमोर आले की आवाज खाली. घरात कुणी गेलेलं असलं की बाहेरच्या खोलीत बसलेली माणसं बोलतात, तसा. काचेमागचं मांस गाईच्या मांसापेक्षा गडद, जांभळटाकडे झुकलेलं. त्यावर चरबीची पांढरी रेघ जवळजवळ नसायचीच.

मी तिथे फूड सायन्समध्ये मास्टर्स करत होते आणि थेसिसचा विषय होता, लोक घोड्याचं मांस का खातात आणि का खात नाहीत. विषय गाइड बाईंनी दिला. मी तो नाकारला नाही. मी माथेरानच्या घोडेवाल्याची मुलगी, घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिली. "पोरीला शिकवून काय करणार?" असं विचारणाऱ्यांना आबा सांगायचे, "घोड्यामागं पळायला लागू नये म्हणून शिकवतोय." एवढं शिकून, विमानात बसून, बर्फात येऊन मी शेवटी उभी घोड्यापाशीच. मला स्वतःशीच हसू यायचं.

बाईंचा नियम एकच होता. समोरचा काहीही बोलो, आपला चेहरा कोरा ठेवायचा. तोंडावर बोलायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे अवघड, पण मी ते जमवलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. एक बाई म्हणाली, "छे, कधीच नाही. त्यांचे डोळे पाहिलेत का तुम्ही?" बोलताना तिचा हात मात्र काउंटरवरून एक पुडकं उचलून पिशवीत टाकत होता. मी पाहतेय म्हटल्यावर म्हणाली, "हे नवऱ्याचं." एक आजोबा म्हणाले, लहानपणी रक्त कमी म्हणून आई द्यायची, अजून जिभेवर आहे. टोरंटोहून फिरायला आलेलं एक जोडपं चित्र बघून दोन पावलं मागे सरकलं. "हे इथे चालतं?" एक पंजाबी टॅक्सीवाला खो खो हसला. "मॅडमजी, घोडी पे तो हम बारात ले जाते हैं, खाते थोडी हैं!"

'नाही' म्हणणारे बहुतेक सगळे डोळ्यांबद्दल बोलायचे. शेजारच्या गाळ्यावर गाय टांगलेली असायची. तिच्या डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या पोटलकला, जिथे प्रत्येकजण घरून एकेक पदार्थ आणतो, एका रिटायर्ड इंजिनियर काकांनी विचारलं, "काय गं, रिसर्च कशावर?" मी सांगितलं. काका हातातली पुरी तशीच धरून राहिले. काकू म्हणाल्या, "अगं, हे इथं नको बोलूस बाई. लोक मटणाच्या पातेल्याकडे बघायला लागलेत." सगळे हसले. पण त्या दिवशी मटण उरलं, हेही खरं.

आबांपासून मी काही लपवलं नाही. व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं, की इथे घोडा खातात, आणि मी त्याच्यावर अभ्यास करतेय. आबांच्या मागे पागेची भिंत दिसत होती. त्या भिंतीवर खिळ्यांना मोरख्या टांगलेल्या आहेत. मोरखी म्हणजे जनावराच्या तोंडावर चढवतात ती दोरीची नाहीतर चामड्याची पट्टी. आमच्याकडे घोडा विकला तरी मोरखी विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपली आणायची, ती घोड्याला चढवायची, आणि आपण आपली उतरवून ठेवून घ्यायची. एकदा मोरखी भिंतीला लागली की त्या घोड्याची चौकशी करायची नाही, कुठे गेला, कसा आहे, आहे की नाही, काही नाही. लहानपणी मला त्या भिंतीकडे पाठ करून बसवत नसे. प्रत्येक मोरखीला अजून तोंडाचा आकार असतो. नाकाजवळ रुंद, कानांशी चिंचोळी. आत काहीच नाही, आणि तरी वाटायचं, आत्ता फुरफुरेल.

आबांनी फोन जरा जवळ घेतला. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "खाऊ देत. ज्याचं त्याचं पोट. पण मग मोरखी कोण ठेवतं?"



मी राहायचे ते बेसमेंट एका म्हाताऱ्याचं होतं. तो वरच्या मजल्यावर एकटा असायचा. आयुष्यभर त्यानं जुन्या शहरात टुरिस्टांसाठी घोडागाडी चालवली होती. मी त्याला 'मस्यू', म्हणजे फ्रेंचमध्ये 'साहेब', म्हणायचे, तो मला 'पोरी' म्हणायचा. त्याचं इंग्लिश मोडकं, माझं फ्रेंच त्याहून मोडकं, पण घोड्याबद्दल बोलायला आम्हाला दोन्ही पुरायचं. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं मला त्याच्या घोडीला खरारा करू दिला. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. घोडी तांबूस, काळ्या आयाळीची, आमच्याकडच्या घोड्यांच्या दीडपट. तिला तो फ्रेंचमध्ये 'म्हातारी' म्हणायचा. मी तिची झुलपं बाजूला केली आणि सवयीनं आधी भोवरे पाहिले. आबा घोडा घेताना दातांच्या आधी भोवरे बघतात, केसांचे ते गोल. हिच्या कपाळावर एकावर एक असे दोन होते. दुहेरी भोवऱ्याचं जनावर मालक बदलत नाही, असं आबा म्हणतात. मी हे मस्यूला सांगितलं तेव्हा तो घोडीच्या कानात म्हणाला, "ऐकलंस का? अडकलीस तू माझ्याशी."

शहरात घोडागाड्या बंद करायची चर्चा तेव्हा जोरात होती. लोक रस्त्यात थांबवून त्याला क्रूर म्हणायचे. त्याचे गुडघेही गेले होते. त्या शरद ऋतूत त्यानं गाडी सोडली आणि घोडी शहराबाहेर दूरवर एका शेतकऱ्याला दिली. कुरण मोठं आहे, काम नाही, मरेपर्यंत चरेल, असं त्या शेतकऱ्यानं सांगितलं होतं. मस्यूनं तिच्याबरोबर तिची चांगली चामड्याची मोरखी पण दिली, पितळी कड्यांची. नवीन घरी जुनी वस्तू हवी म्हणून.

मस्यू स्वतः घोडा खायचा, आणि ते चोरून वगैरे नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "ओळखीचा नाही खात. जो माहीत नाही, तो मांस. माझ्या बापानं असंच शिकवलं." मी चेहरा कोरा ठेवला. तो हसला. "हे तोंड तुला कॉलेजात शिकवलं ना?"

हिवाळ्यात चवीच्या चाचण्या सुरू झाल्या. ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. भिंतीला लागून छोटे छोटे कप्पे, एका कप्प्यात एक माणूस. वरून लाल दिवा, म्हणजे मांसाचा रंग कळू नये. समोर पत्र्याची एक खिडकी. मी पलीकडच्या बाजूला स्वयंपाकघरात. खिडकी वर करायची, दोन ताटल्या सरकवायच्या, खिडकी खाली. एका ताटलीत गाय, एकीत घोडा, फक्त आकडे लिहिलेले. दोन्हीतलं एक घोड्याचं आहे हे सगळ्यांना आधी सांगितलेलं असायचं. कुठलं ते नाही. मला माणूस दिसायचा नाही, फक्त हात. लाल उजेडात सगळे हात एकसारखे दिसायचे, कोपरापर्यंत कापून ठेवल्यासारखे. आणि चावण्याचा आवाज. इतके लोक एका खोलीत शांतपणे चावत असले की तबेल्यात रात्री जसा आवाज येतो, अगदी तसा येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातला चिमटा खाली ठेवला होता.

चव घेऊन लोक सांगायचे, कुठलं आवडलं. मग आम्ही कुठलं काय होतं ते उघड करायचो आणि परत विचारायचो. लाल दिव्याखाली ज्यांना घोडा आवडला होता, त्यांच्यातले कितीतरी जण नाव कळल्यावर पाण्याचा ग्लास मागायचे. जीभ तीच, तोंडातला घासही अजून गेलेला नसायचा.

मस्यूनं आपणहून नाव नोंदवलं. "मी ओळखतो. मला फसवून दाखव." त्याचे हात मी खिडकीतून ओळखले, लगामानं पडलेले घट्टे होते. पहिली ताटली त्यानं संपवली. दुसरीतला एक तुकडा खाल्ला आणि चावत राहिला. मग ती ताटली खिडकीतून परत सरकवली.

"हे नको. हे म्हातारं जनावर आहे. कामाचं. ह्यानं ओढलंय काहीतरी."

"मस्यू, बोलायचं नाही इथे," मी खालच्या आवाजात म्हणाले.

"मग विचारू नकोस. पहिलं आवडलं मला. पहिला घोडा. माझा शब्द." आणि कुठलं काय होतं हे ऐकायला तो थांबलाच नाही, बस पकडायची म्हणून गेला. उरलेली ताटली मी कचऱ्यात रिकामी केली. पहिली गाय होती. दुसरी घोडा होता. संध्याकाळी सांगीन म्हटलं, हरलात म्हणून चिडवीन म्हटलं, पण जिन्यात त्याचं तोंड इतकं खूश दिसलं की राहू दिलं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एकदा त्यानं मला वर जेवायला बोलावलं. मोबाइलवर मी त्याला आबांची पागा दाखवली. त्याला घोड्यांपेक्षा मागची भिंतच जास्त दिसली. "त्या काय टांगल्यात?"

मी सगळं सांगितलं. विकताना मोरखी द्यायची नाही, भिंतीला लावायची, मग विचारायचं नाही.

"आणि दिली तर?"

"आमच्यात कुणी देत नाही."

"पण दिली तर?"

मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलेला नव्हता. मी म्हणाले, "मग जनावराला कळत नाही की आपण विकलो गेलोय. ते वाट बघत राहतं." हे मी कुठे ऐकलं होतं की तिथल्या तिथे जुळवलं, मला आजही सांगता येत नाही. पण मस्यूनं चमचा खाली ठेवला. खिडकीबाहेर बर्फ वितळून गटारात पडत होतं, ते ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बेसमेंटच्या दारावर टकटक केली. "तुला गाडी चालवता येते ना? चल. मोरखी घेऊन येऊ. आणि तिला बघून येऊ." तिचं तिला कळायला हवं, असं काहीतरी तो पुटपुटत होता. शेतकऱ्याला तो हिवाळाभर फोन करत होता आणि तो दर वेळी "बरी आहे, बरी आहे" म्हणून ठेवून द्यायचा, हे मला गाडीत कळलं.

आम्ही पोचलो ते दुपारी, पण दुपार वाटत नव्हती. जमिनीतून गारठा निघून धुकं झालं होतं. कुंपणाच्या पुढे पंचवीस पावलांवरचं दिसत नव्हतं. शेतकरी रबरी बूट घालून आला, आमच्याशी हस्तांदोलन केलं. "तिकडे आहे. हाका मारा, येईल."

मस्यू कुंपणाला टेकला आणि त्यानं जिभेनं त्याचा तो आवाज काढला, दोनदा आखूड, एकदा लांब. धुक्यात आम्हाला एकही घोडा दिसत नव्हता. पण तो आवाज झाल्याबरोबर आत सगळीकडे चिखलातले पाय एकदम थांबले. तोवर पाय वाजत होते हेही मला थांबल्यावर कळलं. किती घोडे होते कोण जाणे. सगळे उभे राहून ऐकत होते, आणि एकही पुढे येत नव्हता. शेपटी हलल्याचा, नाक फुरफुरल्याचा, काही आवाज नाही. मस्यूनं परत तोच आवाज काढला. मग एकाचेच पाय वाजायला लागले, सावकाश, आणि धुक्यातून आधी पितळी कडी दिसली.

तांबूस घोडी, काळी आयाळ, तीच मोरखी. ती सरळ आली आणि मस्यूपुढे डोकं खाली करून उभी राहिली, दुसरं कुणी नव्हतंच तिथे अशी. मस्यूनं तिच्या कपाळाला कपाळ लावलं. "काय म्हातारे," म्हणाला. शेतकरी म्हणाला, "बघा, ओळखलं की."

मी जरा मागे उभी होते. मला बरं वाटलं होतं. पण मस्यू तसाच कपाळ टेकून उभा राहिला, फार वेळ, आणि मग न वळता म्हणाला, "पोरी, तू बघ."

मी पुढे झाले. झुलपं ओली होती, ती बाजूला केली. एकच भोवरा होता, अगदी मधोमध, सुरेख. घोडी माझ्याकडे बघत होती. बाजारातल्या त्या बायका ज्या डोळ्यांबद्दल बोलायच्या, ते डोळे.

चेहरा कोरा ठेवायची ही वेळ नव्हती. "मस्यू, ही ती नाही."

"हो," तो म्हणाला.

शेतकऱ्यानं टोपी मागे सरकवली. "तपकिरी घोडी होती ना तुमची? हीच ती. तिच्यावर तुमचाच पट्टा आहे." मग आमच्या तोंडांकडे बघून, जरा हळू, "नसेल तर मग दुसरी असेल ती. नाताळाच्या आधी एक गेली. मला वाटतं पट्टा मुलानं हिला घातला, चांगला होता म्हणून."

"पुरली कुठे?" मी विचारलं.

"जमीन गोठलेली असते, ताई. पुरता येत नाही. ट्रक येतो."

कुठला ट्रक, कुठे जातो, गेली म्हणजे मेली की विकली, हे सगळं माझ्या ओठांवर होतं. मी मस्यूकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको. मग घोडीच्या कानांमागे हात घालून त्यानं मोरखी सोडवली, नाकावरून अलगद उतरवली. शेतकरी बाजूला झाला. घोडीचं तोंड उघडं पडलं, केसांवर पट्ट्याचे दबलेले ठसे. आम्ही निघालो तशी ती कुंपणाच्या आतून आमच्याबरोबर चालायला लागली. बाकीच्यांचे पाय अजून थांबलेलेच होते. गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, तर कुंपणाच्या कोपऱ्यात धुक्यात एक मोठी काळपट आकृती, आणि तिच्यामागे आणखी, आणि आणखी. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

मोरखी मस्यूच्या मांडीवर होती.  हायवेला लागल्यावर त्यानं विचारलं,

"त्या दिवशी तुझ्या लाल खोलीत. पहिलं घोडा नव्हतं ना?"

मला वाटलं, नको विचारू. आमच्याकडे विचारत नाहीत. पण मोरखी अजून भिंतीला लागली नव्हती, आणि प्रश्न त्याच्याही आधीचा होता.

"नाही. पहिली गाय होती."

"मग जे मी परत दिलं."

"हो. पण मस्यू, बाजारात इतक्या ठिकाणांहून येतं. ते कुठून आलं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं." आणि हे खरं होतं. गाळेवाल्याकडून मांस मी स्वतः उचलून आणलं होतं, थंड पेटीत, मेट्रोनं, मांडीवर ठेवून.

"मी म्हटलं होतं, ओढलंय त्यानं काहीतरी."

"हो, म्हणाला होतात."

वायपर फिरत होते. त्यानं मोरखीची कडी अंगठ्यानं पुसली, चिखल गेला, पितळ दिसलं.

"संपवायला हवं होतं मी," तो म्हणाला.

मोरखी त्यानं वरच्या जिन्यात खिळ्याला लावली. मी रोज तिच्याखालून कॉलेजला जायचे. त्यानंतर तो त्या घोडीबद्दल एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही. आबांना सांगितलं तेव्हा तेही "बरं" म्हणाले आणि घोड्यांच्या चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, भावाबद्दल बोलायला लागले.

चाचण्यांची शेवटची फेरी उन्हाळ्यात होती. मस्यू परत आला. एकदा खाल्लेल्या माणसाला आम्ही दुसऱ्यांदा घेत नाही. मी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "मग मोजू नकोस." मी मोजलं नाही. पण त्याला टोकाच्या कप्प्यात बसवलं, लाल दिवा लावला, खिडकी वर केली आणि दोन ताटल्या सरकवल्या. ते हात काही वेळ ताटल्यांशेजारी नुसते पडून होते. मग त्यानं सावकाश खायला घेतलं. खोलीत बाकी सगळे चावत होते, त्यांच्यात त्याचा आवाज मला वेगळा काढता येईना.

शेवटी दोन्ही ताटल्या खिडकीतून परत आल्या. रिकाम्या, पावानं पुसून घेतलेल्या. कुठलं आवडलं ते मी विचारलं नाही. खिडकी खाली केली.